सिमेंटवरचा चेंडू

आता तुम्हीच सांगा, फुकट मिळतंय म्हणून घ्यायलाच पाहिजे असं कुठं हाय का?

आमच्या गोल्फ क्लबात महिन्याची स्पर्धा होती. माझा आणि पाटील साहेबांचा शेवटचा होल, दोघंही बरोबरीत. माझा चेंडू जाऊन थांबला सिमेंटच्या रस्त्यावर. साहेब लगेच म्हणाले, "वहिनी, चेंडू उचलून बाजूला टाका की. रस्त्यावरनं सवलत मिळते, दंड न्हाय."

उचलणारच होते, तेवढ्यात बाजूला बघितलं. सवलत मिळते ती सगळ्यात जवळच्या जागी, आपल्याला आवडंल तिथं न्हाय. आणि जवळची जागा कुठली, तर घाणेरीचं झुडूप! तिथनं चेंडू बाहेर निघतोय होय? साहेबांना हे पक्कं ठाऊक होतं.

"मी रस्त्यावरनंच मारणार," म्हटलं.

"सिमेंटवरनं? बायकांचं काम न्हाय ते. मनगट मोडंल."

"माहेरी चार म्हशींच्या धारा काढलेलं मनगट हाय हे. सरका मागं."

मारला. ठिणगी उडाली, स्टिकला हा एवढा ओरखडा पडला आणि चेंडू गेला थेट होलच्या झेंड्यापाशी. जिंकले की!

पण खरी मजा गेल्या रविवारी झाली. साहेबांचा चेंडू त्याच रस्त्यावर, त्याच घाणेरीशेजारी. साहेब एकदा घाणेरीकडं बघतात, एकदा हातातल्या नव्याकोऱ्या स्टिककडं.

मी माझी ओरखडा पडलेली स्टिक पुढं केली. म्हटलं, "ही घ्या साहेब. हिला सिमेंटची सवय हाय."