नंदूचा मोकळा पास्ता

—नाही हो, हॉलमध्ये बसायचंच नाहीये, सरळ स्वयंपाकघरात या पूर्णिमाताई. हळदीकुंकू? होईल की, चैत्रगौर काय पळून चाललीय? भल्या सकाळी कुणी हळदीकुंकवाला बोलावतं का, हे तुमच्या मनात आलंच असणार, तुम्ही बोलला नाहीत एवढंच. तुमचं हे एक बरं असतं, बोलायचंच नाही. कैरीची डाळ वाटलीय, पन्हं आहे, सगळं देते — पण आधी इकडे बघा. हे पातेलं पुरेल का? पास्त्याला. हो, पास्त्याला! हसलात ना? हसा. लेक आमच्या घरात दिलीत, एवढा हक्क आहे तुमचा.

तर झालं असं, की मागच्या रविवारी नंदू आली आणि मी हौसेनं पास्ता केला. तिनं काट्यानं एक तुकडा उचलला, तर ताटलीतला अख्खा पास्ता वर आला. अख्खा! आणि ती म्हणते, "पूर्णिमाआजीचा सुट्टा सुट्टा असतो." सहा वर्षांची पोर, ती कशाला खोटं बोलेल? पियुष हसला. माझ्या हातचं खाऊन एवढा झालेला माझा मुलगा, तो हसला. तुमची शेफाली नाही हसली, ती आपली समजुतीनं म्हणाली, "राहू द्या आई, तिला वरणभात देते." तो समजूतदारपणा तुमच्याकडूनच आलाय तिच्यात, आणि मला त्याचा असा काही राग येतो ना — बरं, ते जाऊ दे. कसा केला होता विचारताय? कसा म्हणजे, भातासारखा. बेताचं पाणी, पळीभर तेल, शिजला की गॅस बंद, आणि वर झाकण ठेवून मुरू दिला. भात मुरवत नाही का आपण? अहो, उभा जन्म मोकळा भात केलाय मी, सगळ्या नात्यात कुणाचं कार्य असलं की मसालेभाताच्या पातेल्यापाशी मला उभी करायचे. आणि हा मुरला तो असा मुरला, की सुरीनं वड्या पाडल्या. ह्यांनी दह्याबरोबर खाल्ल्या. 

एवढं पाणी? त्याला काय आंघोळ घालायचीय? — बरं, तुम्ही म्हणता तर घालते. मीठ सढळ. तेल नको? अजिबात? बघा, म्हणजे तेही चुकलंच होतं. खळखळून उकळी आल्यावरच टाकायचा, हं. आणि लगेच ढवळायचं? भातात डाव घातला तर शितं मोडतात, आणि ह्यात नाही घातला तर चिकटतं — कुणी सांगितलं तुम्हाला हे? कुणी नाही? आपलं आपण जमलं? जमणारच. तुम्हाला सगळं आपोआप जमतं. घर तुमचं वाकडला, पियुष-शेफालीच्या हिंजवडीच्या ऑफिसच्या वाटेवर, जाता-येता पोर तुमच्या दारात. खाली घसरगुंडी, पोहायचा तलाव. माझ्याकडे काय, तर जिना आणि मंडई. मंडईत नेलं होतं हो तिला एकदा, छान बसली होती माझ्याशेजारी टोमॅटो निवडत, पण ते घरी जाऊन सांगितलंन का कुणाला? नाही. तुमच्याकडे तलावात पाय बुडवले तरी त्याचा आठवडाभर गजर. पहिला दात पडला तेव्हा फोन कुणाला? तुम्हाला. मला संध्याकाळी कळलं, तेही फोटोतून. फोटोत मागे तुमचेच पडदे.

हो हो, ढवळतेय. मी जळते तुमच्यावर, लपवायचं काय त्यात? आज दुपारी तिघं जेवायला येतायत, आणि जूनपासून शाळा सुटल्यावर नंदूनं कुणाकडे राहायचं ते आज ठरणार. पियुष म्हणालाय, "आई, ती जिथे नीट जेवेल तिथे ठेवू." म्हणून बोलावलं तुम्हाला. हळदीकुंकवाचं नुसतं निमित्त. आता कळलं ना, कोणत्या थराला गेलेय ते? जिच्यावर जळते तिलाच हाताला धरून चुलीपुढे आणलंय.

झाला? एक खाऊन बघू? हं, दाताला लागतोय जरा. असाच हवा? निथळला की लगेच सॉसमध्ये, वाट बघत ठेवायचा नाही, झाकायचा तर नाहीच. आणि ज्यात शिजला त्यातलंच थोडं पाणी वर. अगं बाई — बघा तरी! एकेक वेगळा! पूर्णिमाताई, एक मागू? हसू नका. पुढच्या वेळी ती तुमच्याकडे आली ना, की तुम्ही जरा... वर झाकण ठेवा. एकदाच. एकदाच चिकटू द्या तुमचा. तुम्हाला काय कमी पडणार आहे?

काय? कुणाला सांगितलंत? शेफालीला — कधी? पाडव्यालाच? नंदूला ठेवून घ्यायला जमणार नाही म्हणालात? का, गुडघे धरलेत का? नाही? मग? मोकळं राहायचंय. मैत्रिणींबरोबर हिमाचलला जायचंय, सकाळी गाण्याचा क्लास लावायचाय. अस्सं. म्हणजे पाडव्यापासून ठरलेलंच आहे की नंदू इथे येणार. पियुषला माहीत आहे? माहीत आहे. आणि तरी तो मला म्हणाला, जिथे जेवेल तिथे. आईला वाटू दे, आपण निवडून आलो. सगळ्यांना माहीत होतं, आणि मी इथे पास्त्याशी झगडतेय.

पण तुम्हाला नको म्हणवलं कसं हो? त्या पोरीला? ती तुमच्या नावानं उड्या मारते, आणि तुम्ही — मी दिवसरात्र जे मागतेय ते तुम्ही नको म्हणून बाजूला ठेवलंत, आणि ते उचलून माझ्या ताटात. मी घेईन. घेणारच, मला कुठला आलाय मान. पण ती जूनमध्ये माझ्या जिन्यावर उभी राहून तुमच्यासाठी रडेल ना, तेव्हा तिला काय सांगू? आजी हिमाचलला गेलीय?

नाही, पाठीवर हात नका ठेवू. तुम्ही वाईट नाही आहात, मला माहीत आहे, तेच तर. आता तुम्ही निघा. पर्स घ्या. चाळणी राहू दे, मी धुते. जेवायला? नको, थांबू नका. तुम्ही दिसलात की ती दारातूनच तुमच्याकडे धावेल. आज दार मी उघडणार आहे, आणि दारात मी एकटीच असणार आहे. जिना सावकाश उतरा. जा ना हो.