मुरायला ठेवलेल्या साली

संत्र्याच्या सालींवरून परवा आमच्या घरी जे झालं ते सांगतो. हसायचं असेल तर चहा संपल्यावर हसा.

चीनमध्ये म्हणे संत्र्याची साल वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात. खोकल्याच्या काढ्यात घालतात, मटणातही टाकतात. हे वाचलं आणि मीही हिवाळ्यात गच्चीवर साली वाळवून बरणीत भरल्या. रसायनशास्त्रात डॉक्टरेट असूनही बुरशीच्या धास्तीने रोज झाकण उघडून वास घ्यायचो.

परवा बायको म्हणाली, "शिकेकाई दळाले देऊन राहिली. त्या बरणीतल्या साली द्या, केसाले चांगल्या असतात."

"नको. त्या मुरवायच्या आहेत. जितकी जुनी साल तितका गुण जास्त, असं ते लोक मानतात."

"म्हंजे कवा काढाच्या?"

"अगदी चांगली हवी तर… वीस वर्षांनी."

मी अठ्ठ्याहत्तरचा, ती माझ्याहून तीनच वर्षांनी लहान. इतकं शिकून एवढी साधी गोष्ट मला सुचली कशी नाही? मी ओशाळून बरणी तिच्यापुढे केली. "घे, शिकेकाईतच टाक."

तिने बरणी घेतली, झाकण घट्ट केलं, स्टूल ओढलं आणि बरणी सगळ्यात वरच्या फळीवर, लोणच्याच्या मागे ठेवून दिली.

"अगं, आणि शिकेकाई?"

"ते तशीच दळाले देईन." खाली उतरून पदराला हात पुसत ती म्हणाली, "वीस वर्सांनी साल पायजे असंल तवा मले आवाज द्या. तुमी स्टुलावर चढाचं नाही."