आठ तास दहा मिनिटं

अहो, पण आठ तास दहा मिनिटं म्हणजे काय अंतर झालं का? तुम्हीच सांगा! फोनमध्ये दोन विमानतळ टाकले की लगेच उत्तर... सहा हजार दोनशे किलोमीटर, आठ तास दहा मिनिटं! चौतीस वर्षं बस चालवली मी, तुम्हाला सांगतो, एवढी तर माझी एक ड्युटी असायची! सकाळी डबा घेऊन सुटलो की संध्याकाळी पोरगी दारात हजर, तोंडाने कंडक्टरची बेल द्यायची... टिंग! एक बेल, म्हणजे थांबा. तिच्या गालाचा पापा घेतला की टिंग टिंग! मग गाडी आत. ती पोरगी आता परदेशात, तीन वर्षं झाली, तिला डोळे भरून पाहिलं नाही हो. फोनवर दिसते, पण पुढे नात असते, कॅमेऱ्याला नाक लावून. नाकच बघायचं!

म्हटलं, येतो. तर म्हणते, "बाबा, तुमचे गुडघे! आठ तास बसवेल का?"

मला? बसवेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खुर्ची खिडकीपाशी ओढली, जुना पट्टा काढून कमरेला आवळला आणि बसलो. बायको म्हणते, "हे काय नवीन खूळ?" म्हटलं, विमान सुटलंय, बोलू नकोस. "सुटलंय ना? मग जाता जाता दळण टाका!" दुपारी ताट आणून मांडीवर आदळलं. "घ्या. विमानात गरम पोळी मिळत नाही, हे लक्षात ठेवा." गुडघे ठणकत होते, उजवा पाय सारखा ब्रेक शोधत होता, कुणी दुसरा चालवतोय ही सवयच नाही ना... पण उठलो नाही! चार वाजून दहा मिनिटांनी पट्टा सोडला आणि तसाच फोन लावला. "बसलो गं! आठ तास दहा मिनिटं!"

मग हळूच म्हणाली, "बाबा... गुडघ्यांचं आपलं मी निमित्त केलं. खोली एवढीशी, आम्ही दोघं दिवसभर कामाला... तुम्हाला झोपवू कुठे?"

म्हटलं, अगं वेडे, बसून झोपेन की, सराव झालाय! हसली... आणि हसता हसता रडायलाच लागली. म्हणाली, "मोठं घर बघतोय बाबा. थोडं थांबा."

थांबतो. ड्रायव्हर माणूस मी, दोन बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे अंगात मुरलंय. खुर्ची मात्र खिडकीतच ठेवलीये. काल बघतो तर शेजारी दुसरी खुर्ची, त्यात ही, पर्स मांडीवर घेऊन. म्हटलं, तू कुठे निघालीस?

तर म्हणते, "तुम्हाला या वयात बेल ऐकू येणार आहे का? मी ऐकते."