शिंगं असलेली बकरी

सारंगखेड्याची जत्रा संपली होती. तापीच्या काठी नावेची वाट पाहणाऱ्या बन्सीलाल मास्तरांच्या शेजारी दोन अनोळखी माणसांनी वाळूत रेघा ओढून वाघ-बकरीचा डाव मांडला. मागे जत्रेतून घेतलेली एक नवी घोडी बांधलेली. मास्तरांनी पेपर डोळ्यांपुढे धरला आणि कान तिकडे लावले.

"उखा, जो हारी, तो जसोदाले सांगी."

"काय सांगी?"

"म्हैसना बदलामा घोडी लयनूत, हाई."

"तुमनी बायको शे, दाजी."

"तुन्ही बहीन बी शे. मांड डाव."

"हाई मन्ही बकरी. तिनी तुमना वाघले शिंग मारं. वाघ मरी गया."

"बकरी वाघले मारस का कव्हय?"

"आपला कायदा काय शे? जो हारना, तो एक नियम बदली. सकायना डाव मी हारनू. आते बकरीले शिंगं शेतस."

"मंग मन्हा वाघ झाडवर चढी गया."

"नियम हारनाराना, दाजी. तुम्ही आते हारनात. जसोदाले सांगा."

"हारनू ना मी?"

"हारनात."

"मंग नियम मन्हा. आते जो जितना, तो सांगी."

उखाने वाळूतल्या रेघा पुसून नव्या ओढल्या.

"आखो एक डाव, दाजी."

नाव काठाला लागली. मास्तर उठले नाहीत. उखा एकेक बकरी वाघाच्या तोंडाशी नेऊन ठेवत होता.

"दाजी, तुमना वाघ बकरी खाई नही ऱ्हायना."

"आज त्यानी एकादस शे."