सगुणेनं गायलेला पाळणा

या, या, मागं उभे आहात ते पुढं या. पेटीवाले, जरा हात थांबवा. आता गाणं नको, आता ऐकणं.

मंडळी, एक प्रश्न विचारतो. देवाची सेवा मोठी की घरातलं लेकरू मोठं?

बघा! पुढच्या रांगेतून उत्तर आलंसुद्धा — ‘देवाची सेवा!’ काका, इतक्या घाईनं देऊ नका हो उत्तर. दाजिबानंही असंच घाईनं दिलं होतं.

कोण दाजिबा? ऐका. कोयनेच्या काठी निवळी नावाचं गाव. गावात रामाचं देऊळ. त्या देवळात रामनवमीला भर दुपारी, जन्माच्या वेळी, पाळणा म्हणायचा मान दाजिबाच्या घराचा. त्याच्या आजीनं म्हटला, आईनं म्हटला, मग बायकोनं म्हटला. काय गळा होता त्या माउलीचा! पण बाळंतपणात ती गेली. मागं राहिली एक मुलगी — सगुणा. दाजिबाची विधवा बहीण चिमाक्का, तिनं पोरीला वाढवलं.

आई गेल्यावर पाळणा कुणी म्हणायचा? वरच्या आळीच्या एका सुनेनं म्हटला. काही वर्षं तीच म्हणत राहिली. आणि दाजिबा खांबाआड उभा राहून दात-ओठ खायचा! तोंडानं ‘राम राम’, पोटात मात्र ‘माझा मान, माझा मान’! हसू नका मंडळी. आरतीचं ताट आधी कुणाकडं गेलं, यावरून आपल्याकडं काय काय झालंय ते मी इथं सांगू का? नको ना? मग ऐका.

सगुणा नऊ वर्षांची झाली आणि एक दिवस भाकऱ्या थापता थापता चिमाक्काच्या कानावर सूर आला. हुबेहूब आईचा गळा! दाजिबा तर रडलाच. धावत पंचांकडं गेला. “औंदा पाळणा माझ्या घरात परत द्या!” पंच म्हणाले, “दिला. पण बघ हं दाजिबा, पोरगी ऐन वेळी बुजली, तर मान कायमचा वरच्या आळीला.”

झालं! महिनाभर घरात दुसरा विषय नाही. पोर गातेय, बाप टाळ धरतोय.

आणि अष्टमीच्या सकाळी सगुणा उठली, ती गळ्याला हात लावूनच.

“आप्पा, घसा दुखतोय. थुंकी गिळवत नाही.”

दाजिबाच्या पायाखालची जमीन सरकली. पण घाबरून बसणारा गडी नव्हे! हळद-मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या. ज्येष्ठमधाची काडी चघळायला दिली. गावाला बातमी कळली, मग काय विचारता! घसा दुखायला लागला की जगातला प्रत्येक माणूस वैद्य होतो! एक म्हणाली आल्याचा रस द्या, दुसरी म्हणाली लवंग भाजून द्या, तिसरा म्हणाला कोमट तूप पाजा. एका आजोबांनी तर सांगितलं, पोरीला उलटी टांगा! घशातला कफ म्हणे बाहेर पडतो! दाजिबानं टांगायचं तेवढं सोडून सगळं केलं. प्रेमानं केलं हो. स्वतः चुलीपुढं बसून काढा उकळला, फुंकर घालून घालून पाजला, गळ्याला गरम फडकं गुंडाळलं.

आणि दुपारी काय चमत्कार! पोरगी गायली. दोन ओळी गायली.

“सुटला! चिमाक्के, आवाज सुटला! राम पावला!”

पण चिमाक्का हसली नाही. तिचा हात पोरीच्या कपाळावर होता. अंग कोमट होतं, पण चेहरा पांढराफटक. तोंडाला कसला तरी घाण वास येत होता. मानेच्या दोन्ही बाजू सुजलेल्या. ती उठली आणि विसूतात्या वैद्यांना घेऊन आली.

तात्यांनी पोरीला उजेडाकडं तोंड करून बसवलं. जीभ दाबली. आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दाजिबाला अंगणात नेलं.

“दाजिबा, हा नुसता घसा नाही. आत राखाडी पडदा धरलाय. घटसर्प आहे.”

मंडळी, आज लहानपणी सुई टोचतात, म्हणून तो शब्द आपल्याला ठाऊक नाही. त्या काळी हा शब्द ऐकला की आया पोरांना पोटाशी धरायच्या.

“मग औषध द्या, तात्या.”

“माझ्याकडं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात आहे. आत्ता गाडी जुंप. हा पडदा खाली उतरला तर श्वास कोंडेल.”

“पण आत्ताच गायली ती!”

“काढ्यानं घशाला ऊब मिळाली, एवढंच. आजार आहे तिथंच आहे.”

दाजिबानं देवळाच्या कळसाकडं बघितलं. हात जोडले. आणि म्हणाला, “उद्या दुपारी पाळणा होऊ दे. गुलाल पडला की तशीच गाडीत घालतो. रामाचं काम आहे, राम सांभाळील.”

“दाजिबा, रामानं तुला डोळे दिलेत ना? मग बघ की पोरीकडं!” तात्या ओरडले.

चिमाक्का गोठ्याकडं धावली, बैल सोडायला लागली. दाजिबानं तिच्या हातातलं दावं हिसकावलं. आणि दारातून आवाज आला —

“आत्या, नको गं भांडू. मी गाईन. आप्पांनी किती वाट बघितलीय.”

नऊ वर्षांची पोर! बापाची समजूत तिनं घातली. बापानं तिची घालायची का तिनं बापाची?

नवमीची दुपार. देऊळ खचाखच भरलेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा. सगुणेला आईच्या खणाचं परकर-पोलकं शिवून घातलेलं. तिनं पाळण्याची दोरी धरली आणि पहिलं कडवं उचललं. मंडळी, म्हातारी माणसं सांगायची, असा पाळणा निवळीत कधी झाला नव्हता! पंचांच्या डोळ्यांत पाणी. दाजिबा टाळ धरून उभा, छाती फुगलेली.

दुसरं कडवं. आवाज नाकात गेला. ओळीच्या मधेच तिला श्वास घ्यावा लागला. घेतला, तर शिट्टीसारखा आवाज झाला. तिनं दोरी सोडली नाही. तिनं बापाकडं बघितलं.

मंडळी, त्या नजरेत एवढंच होतं — ‘आप्पा, थांबू का?’

आणि दाजिबानं काय केलं? मान हलवली. ‘पुढं. पुढं म्हण.’ टाळ आणखी जोरात वाजवला!

तिनं तिसऱ्या कडव्यासाठी तोंड उघडलं. सूर आला नाही. ओठ निळे पडले आणि पोर पाळण्याच्या खांबावर कोसळली.

आता गाडी जुंपली! आता बैलांना चाबूक! चिमाक्काच्या मांडीवर पोर, शेजारी बाप, तोंडानं रामाचा धावा. मागं देवळात गडबड उडाली. पण जन्माची वेळ टळू द्यायची नाही, म्हणून वरच्या आळीच्या सुनेला पुढं केलं. तिनं रडत रडत पाळणा पुरा केला. गुलाल उधळला. सुंठवडा वाटला. लोकांनी खाल्ला.

तालुका अजून दोन कोस होता. चिमाक्का म्हणाली, “दादा, गाडी थांबव.”

“का?”

“आता घाई नाही.”

...

दिवस झाले. माणसं भेटायला आली. एक शहाणा म्हणाला, “दाजिबा, भाग्याची पोर! रामाच्या पायाशी गाता गाता गेली.”

तेव्हा तो उठला. गावानं त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

“रामानं मागितली नव्हती! नाव घेऊ नका त्याचं! रामाला पाळणा कुणीही म्हटला तरी चालत होता. मला चालत नव्हता! तिनं मला विचारलं, आणि मी मान हलवली!”

चिमाक्का त्याच घरात राहिली. दोन्ही वेळा त्याला जेवायला वाढायची. पण मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तोही कधी म्हणाला नाही, की बोल.

संपलं आख्यान. देवानं दाजिबाला माफ केलं का, असं मला लोक विचारतात. मला ठाऊक नाही. मी खोटं सांगणार नाही.

पण तुम्हाला विचारतो! उद्या या मांडवात मुलांची भजनस्पर्धा आहे. सकाळपासून ऐकतोय मी — इकडं खोकला, तिकडं खोकला! आणि आयांच्या बोटांत खडीसाखर! ‘एवढी उद्याची स्पर्धा होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला.’ कुणासाठी हो? देवासाठी? नीट आत बघा, तिथं कोण बसलंय! मुलगा म्हणतो ‘दुखतंय’, आणि आपण म्हणतो ‘थोडंच राहिलंय’. परीक्षेलाही तेच, नाचालाही तेच! तो आपल्याकडं बघतो, आणि आपण मान हलवतो.

ज्या माउलीच्या मांडीवरचं लेकरू तापलेलं आहे, तिनं आत्ता उठावं. कीर्तन मोडत नाही. देव रागवत नाही. रागावला तर माझं नाव सांगा. उठा. मी थांबतो.

... हं. ती उठली बघा. निळ्या लुगड्यातली. पाय बाजूला घ्या रे, वाट द्या तिला. दवाखाना उघडा आहे अजून, कुणीतरी गाडीवरून सोडा.

आता नाव घेऊ या रामाचं. पेटीवाले, सूर हळू धरा. तिच्या खांद्यावर पोर झोपलंय.