पुरं नाटक

हौसा: पदं नको, नासिरभाय. पदं माज्या पोराच्या मोबाईलवर पन हायेत. मना पुरं नाटक लावून द्या.

नासिर: साडेतीन तासांचं हाय ते, वहिनी. जोह्यावरनं पेण, पेणवरनं रोहा, दोन एसट्या बदलून आलात. जरा टेका.

हौसा: टेकलेच हाय की. गाडी चुकली तर निडीला भाचीकडं ऱ्हाईन, तिला सांगून ठेवलंय.

नासिर: पण नाटक तर तुम्ही यात्रेत पुढ्यात बसून बघितलेलं.

हौसा: नाटक कुनाला बघायचंय? मना ह्यांना ऐकायचंय. चाळीस वरसं विंगेत हुबं ऱ्हाऊन वाक्यं सांगितली मानसानं. फोटोत नाय, हँडबिलावर नाव नाय. मुख्य काम करनाऱ्या कृष्णाला तर वाचता पन येत नाय. गळा देवानं दिला, बाकी सगळं नाटक ह्यांनी त्याच्या कानात ओतलं.

नासिर: खोटं नाय. पुंडलिकभाऊ नसते तर एक अंक उभा राहिला नसता.

हौसा: कारखान्यात गनपतीचे डोळे आखायचे नि तोंडानं नाटक चालू. राजा पन तेच, दासी पन तेच. मी म्हनायची, अवो, देवाचा डोळा चुकंल. कधी चुकला नाय. मंग यात्रा झाली त्याच साली दिवाळीनंतर घशाचं ऑपरेशन, नि दीड वरीस पाटीवर लिहून बोलले. गेले ते पन मुक्यानंच.

नासिर: मयतीला आलो होतो मी.

हौसा: व्हय, आला होता. ह्यांचा मोबाईल साधा, त्यात कायपन भरून ठेवलेलं नाय. लगीन झालं तेव्हा कॅमेरा कुठला? त्यांचा आवाज सगळ्या दुनियेत एकाच जागी ऱ्हायलाय, तुमी यात्रेत केलेल्या शूटिंगात. म्हनून आले.

नासिर: वहिनी, विंग कुठं, माईक कुठं. प्रॉम्प्टरचा आवाज असा कितीसा येतो?

हौसा: येतो. तुमी कृष्णाला पयल्यांदा दाखवलंत तेव्हा तो हसला म्हने. म्हनाला, नाटक पुंडलिकदादाचंच हाय, मी नुसतं तोंड हलवतोय. मना त्यानंच सांगितलं.

अक्सा: अब्बा, सांगा ना त्यांना.

नासिर: तू आत जा.

हौसा: ही तुमची अक्सा ना? केवढी झाली गो. काय सांगायचं हाय?

अक्सा: काकी, तो आवाज आता त्यात नाही. मी काढला.

हौसा: काढला? मंग ठेवलास कुठं?

अक्सा: ठेवला नाही. पुसला.

नासिर: तिला बोल लावू नका. माझं ऐका. वीस वर्षं कुवैतला काढली मी. रूमवर एक टेप नि सात कॅसेटी, सगळ्यांत नुसती पदं. एक संपलं की दुसरं. राजा का रुसला, राणी घर सोडून का गेली, काय कळायचं नाय. शुक्रवारी पडल्या पडल्या मधलं नाटक मी मनानं रचायचो. तेव्हाच ठरवलेलं, परत गेलो की आपल्याकडचं एक तरी नाटक पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत भरून ठेवीन.

हौसा: नि ठेवलंत की. मंग पुसलंत कशाला?

नासिर: ग्रुपवर टाकलं. पुण्याचे, सांगलीचे, दुबईचे, सगळे नाटकवेडे. लोकांनी फक्त रडायचं बाकी ठेवलं होतं. म्हणाले, अखेर कुणीतरी पुरं नाटक दिलं. फक्त मागं कुजबुजणारा माणूस तेवढा काढा, रसभंग होतो.

हौसा: कोन मानूस?

नासिर: तसंच लिहिलं होतं त्यांनी. कुजबुजणारा माणूस.

अक्सा: महिनाभर बसले होते मी, काकी. कॉलेजचा अभ्यास सोडून, एकेक वाक्य. झाल्यावर अब्बांनी मला मिठाई आणली. आम्हाला वाटलं, फार चांगलं काम केलं.

हौसा: नि आदीचं, तसंच भरलेलं?

अक्सा: कॅमेऱ्याची कार्डं पुसून नावेदभाईच्या निकाहच्या शूटिंगला वापरली. लॅपटॉपवर जागा नव्हती, म्हणून तिथलंही…

नासिर: मीच सांगितलं. आता साफ झालंय, खराब कशाला ठेवतेस, म्हटलं. खराब म्हटलं मी त्याला.

हौसा: एक शब्द पन उरला नाय?

अक्सा: शब्द नाही. एक खोकला उरलाय. दुसऱ्या अंकात कृष्णाकाकांच्या तानेत तो असा मिसळलाय की निघालाच नाही. बाकीचे निघाले.

हौसा: बाकीचे म्हंजे किती?

अक्सा: बेचाळीस. यादी केली होती मी. कुठल्या मिनिटाला, कुठल्या सेकंदाला.

हौसा: यात्रा चैतात. तू बसलीस कवा?

अक्सा: मे महिन्यात.

हौसा: नि ह्यांचं दुखनं आमाला कळलं दिवाळीत. डाक्टर म्हनाला, सा महिने आदी आनायचं होतं. मी म्हनायची, कारखान्यातली धूळ हाय, सगळेच खोकतात. कामात मोजत कोन बसतंय? तू मोजलेस गो. लिहून ठेवलेस नि पुसलेस.

अक्सा: काकी, मला खरंच…

हौसा: तू लहान. तुला काय ठाव.

नासिर: मी तर लहान नव्हतो, वहिनी. हेडफोन लावून मी पण ऐकायचो. दर खोकल्याला चिडायचो, या माणसाला तोंडात एक गोळी ठेवायला काय झालं होतं? जोहे काय लांब हाय? एकदा जाऊन विचारलं नाय. अल्ला करेल माफ, माझं मला नाय जमत.

हौसा: मी तरी कुठं विचारलं, नासिरभाय? शेजारी निजायची मी.

नासिर: चहा टाक गो परत, अक्सा.

हौसा: चा नको. नाटक तरी पुरं हाय ना? का त्यात पन काय कापलंत?

अक्सा: पुरं आहे. कृष्णाकाका वाक्य विसरून थांबतात, त्या जागा रिकाम्या वाटत होत्या. मी कापणार होते. अब्बा म्हणाले, एक सेकंदही जाता कामा नये.

हौसा: तो थांबतो तेव्हा ह्ये सांगत असायचे.

अक्सा: हो. तिसऱ्या अंकात तर खूप वेळ थांबतात. विंगेकडे मान करून.

हौसा: तिथं लाव.

नासिर: कशाला जीव जाळून घेता, वहिनी?

हौसा: लाव गो.

(अक्सा लॅपटॉप हौसाच्या पुढ्यात सरकवते.)

हौसा: हा बघ, थांबला. कान दिला बघ त्यानं. आता सांगतायत ह्ये. जरा आवाज वाढव.

अक्सा: काकी, तिथं आता काहीच नाही.

हौसा: ठाव हाय मना. वाढव.