नार्दू तिथून हलणार नाही

नाही, हलवायचा नाही त्याला. चहा घ्या फादर, गार होतोय — पण हाडं हलवायची गोष्ट काढू नका. बिशपसाहेबांचा निरोप पोचला मला. नवी शवपेटी, बँड, दफनभूमीच्या भिंतीच्या आत संगमरवरी कबर, खर्च सगळा चर्चचा — ऐकलं, बहिरी नाही झाले अजून. पन्नासेक वर्षं माझा नवरा नार्दू भिंतीपलीकडे उकिरड्यात झोपलाय — हो, उकिरडाच म्हणतं सारं गाव त्या तुकड्याला, तुम्ही कशाला खाली बघता? — आणि आजच कशी दया आली? मीच सांगते. त्याचा पुतण्या मंत्री झाला म्हणून. मंत्र्याचा काका उकिरड्यात, बरं दिसत नाही टीव्हीवर.

तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हता. त्यातून पडलात पलीकडच्या गोझो बेटावरचे, तुमच्याकडे तर चर्चने वाळीत टाकलेल्या मजूर पक्षाच्या माणसाला कोणी दारात उभं करत नव्हतं. नार्दू मला म्हणायचा, चेत्ता, माल्टात सरकारं दोन — एक तोफांचं, एक घंटांचं. इंग्रज एक दिवस बोटीत बसून जाईल, पण घंटावाले कुठे जाणार? चौकात पक्षाची सभा लागली की इकडे घंटा सुरू. वक्ता ओरडतोय, घंटा ठणाणतायत, लोक आपले त्याच्या ओठांकडे बघून टाळ्या वाजवतायत. कबुलीला गुडघे टेकले की पहिला प्रश्न — मत कुणाला देणार? चोरीमारी, खोटं बोलणं, ते मागाहून. पक्षाचं वर्तमानपत्र वाचणं म्हणजे महापाप, आणि नार्दू तर ते गोदीच्या फाटकावर उभा राहून वाटायचा. म्हणून आमचं लग्न कुठे लागलं? पाद्र्यांचे झगे नि मेणबत्त्या ठेवायच्या खोलीत. ऑर्गन नाही, फुलं नाही. आईला आत उभं राहायला जागा नव्हती, तिथे कपाट होतं. तिने दारातून बघितलं लग्न.

दोन वर्षंही झाली नव्हती, गोदीत परांची कोसळली. बरगड्या मोडल्या, घरीच आणला, याच खोलीत. मी पळत जाऊन पाद्र्याला बोलावलं — मीच, तो देव मानत नव्हता असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर थापा आहेत. पाद्री आला, शेवटच्या संस्काराचं तेल काढलं, म्हणाला, आधी म्हण, पक्षात गेलो ही चूक झाली. नार्दूला श्वास पुरत नव्हता. तरी बोलला. म्हणाला, ‘फादर, देवाची माफी मागतो. तुमची नाही.’ झालं. पाद्र्याने बाटलीला बूच लावलं, खिशात टाकली नि निघून गेला. मी रस्त्यापर्यंत मागे धावले, मागे वळून बघितलं नाही त्याने. गोदीतल्या माणसांनी खांद्यावर नेला नार्दूला, भिंतीबाहेर, चर्चने नाकारलेल्यांना पुरतात तिथे. घंटा नाही, मंत्र नाही, आणि घरोघरच्या खिडक्या लावलेल्या.

मग काही वर्षांनी चर्चचा नि पक्षाचा समेट झाला. वरच्यांनी वरच्यांशी हात मिळवले, फोटो निघाले. खाली पुरलेल्यांना कोण विचारतो?

आणि आता एकट्या नार्दूला आत घेणार? शेजारी मासेवाला साल्वू आहे, त्याच्या पलीकडे शाळेतला लिप्पू मास्तर. त्यांचा पुतण्या मंत्री नाही, एवढंच ना? साल्वूची बायको गेली, मुलं ऑस्ट्रेलियात. मी नसते तर त्याच्या नावाने कोण — असो. काही नाही.

काही नाही म्हटलं ना. गवत काढते मी तिथे. असं बघू नका. बरं, प्रार्थना म्हणते. मृतांची, तुमच्या पुस्तकातलीच, अख्खी — पाठ आहे मला. सगळ्यांची नावं घेते. पाणी शिंपडते. कुठलं म्हणजे? तुमच्याच दारातल्या कुंडातलं, तीर्थ. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून नेते, दर रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर. तुमच्या आधीचे तीन फादर झाले, एकालाही पत्ता नव्हता आणि तुम्हाला आज माझ्याच तोंडून — चोरी म्हणा, पाप म्हणा, जाऊन सांगा बिशपना. पण ती जमीन अपवित्र आहे असं माझ्या घरात बसून म्हणू नका. इतक्या वर्षांचं पाणी मुरलंय तिच्यात.

काय म्हणालात? परत बोला.

तुम्ही येणार? रविवारी? तुम्ही म्हणणार प्रार्थना, सगळ्यांसाठी?



या. पण साध्या शर्टात लपूनछपून नाही यायचं. पूर्ण झगा घालून, भर दुपारी, चौकातून, बँड क्लबच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या देखत. ती भिंत पाडायची परवानगी बिशपकडे तुम्हीच मागायची, मी नाही. आणि मंत्र्याला कळवायचं नाही. जमत असेल तर या. नसेल तर माझं माझं चाललंय.

उठा आता. मला स्वयंपाक आहे.